अल्बानी पाइन बुश: वाळूवर उगवलेलं आणि आगीवर जगणारं जंगल पायी कसं बघायचं

न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कवरून लेक जॉर्जला गेलेले आपले लोक खूप आहेत, अल्बानी आणि स्केनेक्टडीत नोकरीनिमित्त राहणारेही बरेच आहेत, पण पाइन बुश बघितलंय का असं विचारलं तर बहुतेक जण नाहीच म्हणतात. खरं तर ते सगळ्यांनी बघितलेलं असतं, फक्त गाडीतून. थ्रूवेवर, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या मोठ्या टोल महामार्गावर, अल्बानीजवळ दोन्ही बाजूंना ठेंगणी, वाकडीतिकडी पाइनची झाडं आणि त्यांच्या पायाशी दाट झुडपं दिसतात ना, तेच ते. समुद्रापासून इतकं आत असलेलं, पिच पाइन आणि स्क्रब ओकचं असं जंगल जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या नमुन्यांमध्ये याची गणना होते. २०१४ मध्ये त्याला नॅशनल नॅचरल लँडमार्कचा दर्जाही मिळाला. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय, कधी जायचं, काय घालायचं, कुठून सुरू करायचं, आणि मुख्य म्हणजे तिथे गेल्यावर नेमकं बघायचं काय, कारण ते माहीत नसेल तर अर्ध्या तासात परत येऊन "काही खास नव्हतं" म्हणाल आणि त्यात तुमची चूक नसेल.

आधी ही जागा काय आहे ते समजून घ्या

हे वाचल्याशिवाय जाऊ नका असंच म्हणेन. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळत होता तेव्हा इथे हडसनच्या खोऱ्यात एक प्रचंड मोठा तलाव होता, त्याला ग्लेशियल लेक अल्बानी म्हणतात. पश्चिमेकडून मोहॉक नदीच्या वाटेने येणारं पाणी आपल्यासोबत वाळू आणायचं आणि तलावाच्या तोंडाशी टाकायचं. साधारण बारा हजार वर्षांपूर्वी तलाव ओसरला, वाळू उघडी पडली, वाऱ्याने तिचे ढीग केले आणि वाळूच्या टेकड्या तयार झाल्या. आज तुम्ही जे चढउतार चालता ते सगळे या टेकड्यांवरचे, वर झाडं आल्यामुळे जागच्या जागी थांबलेल्या. म्हणजे समुद्रकिनारा दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब आणि पायाखाली मात्र किनाऱ्यासारखी वाळू.

आता वाळूत पाणी टिकत नाही, खत टिकत नाही, वरचा पाला उन्हात कडकडीत वाळतो, मग वीज पडली किंवा माणसाने लावली की पेट घेतो. त्यामुळे हजारो वर्षं इथे तीच झाडं टिकली जी जळून पुन्हा फुटतात. आग बंद झाली तर काय होतं? काही वर्षांत ॲस्पेन, मेपल, ब्लॅक लोकस्ट अशी झाडं घुसतात, सावली करतात आणि उन्हावर जगणारं सगळं खालचं जग संपतं. म्हणून इथे १९९१ पासून ठरवून, परवानगीने, वारा आणि हवेतला ओलावा बघून आग लावली जाते. हे एवढं डोक्यात ठेवून गेलात की काळं पडलेलं खोड, मध्येच उघडं मैदान, मुळासकट काढून टाकलेली झाडं, सगळ्याचा अर्थ लागायला लागतो.

एकेकाळी हा पसारा २५,००० एकरांच्या आसपास होता. शहर वाढलं, थ्रूवे मधून गेला, कचरा डेपो आला, १९८४ मध्ये क्रॉसगेट्स मॉल उभा राहिला. १९७८ पासून स्थानिक लोकांनी 'सेव्ह द पाइन बुश' नावाने कोर्टात आणि रस्त्यावर चिकाटीने लढा दिला आणि १९८८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अल्बानी पाइन बुश प्रिझर्व्ह कमिशन स्थापन केलं. आज ३,३०० एकरांहून जास्त जमीन संरक्षित आहे, ती अल्बानी, गिल्डरलँड आणि कोलोनी या तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांत विभागलेली आहे. हे तुकडे लक्षात ठेवा, पुढे रस्ता ठरवताना उपयोगी पडेल.

कधी जायचं

एकदाच जाणार असाल तर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही जा. वाइल्ड ब्लू ल्यूपिनची निळी-जांभळी फुलं मेच्या मध्यानंतर फुलायला लागतात आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत असतात, आणि कार्नर ब्लू या इथल्या छोट्या, दुर्मिळ निळ्या फुलपाखराची पहिली पिढी मेच्या अखेरीला उडायला लागते, म्हणजे दोन्ही एकत्र मिळायची शक्यता याच दिवसांत सगळ्यात जास्त. थंडी लांबली किंवा लवकर उकाडा झाला तर आठवडाभर पुढेमागे होतं, तेव्हा निघायच्या आधी कमिशनच्या वेबसाइटवर किंवा सोशल मीडियावर फुलं आलीत का बघून घ्या. मेमोरियल डेच्या वीकेंडला लेक जॉर्जला जायचा प्लॅन असतोच, तिथून साधारण तासाभराचं अंतर, मग जाताना दोन-तीन तास इथे काढणं सहज जमतं. भारतातून आई-बाबा आलेले असतात तेही बहुतेक याच काळात.

मे-जून हुकलं तर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. तेव्हा फुलपाखरांची दुसरी पिढी असते आणि बऱ्याचदा ती पहिलीपेक्षा मोठी असते, पण ल्यूपिन संपलेलं असतं आणि उकाडा भयंकर, वाळू तापलेली आणि सावली जवळपास नाहीच, तेव्हा सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत बाहेर पडा. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर हा मला स्वतःला फार आवडणारा काळ आहे, हकलबेरीची झुडपं लालभडक होतात, ओक तांबूस होतो, गर्दी नसते, आणि भर दिवसा काळे-पांढरे बक मॉथ नावाचे पतंग उडताना दिसतात. पतंग म्हणजे रात्रीचा जीव असं आपल्या डोक्यात असतं, हा मात्र दुपारच्या उन्हात फिरतो. हिवाळ्यात बर्फ पडला की लोक क्रॉस-कंट्री स्की आणि स्नोशू घेऊन येतात, त्याविषयी मी जास्त लिहीत नाही, बर्फात चालायची सवय असेल तर जरूर जा.

वेळेचं म्हणाल तर पक्षी ऐकायचे असतील तर उजाडताच, फुलपाखरं बघायची असतील तर ऊन चांगलं वर आल्यावर, साधारण दहानंतर. ढगाळ आणि गार हवेत फुलपाखरं पानाखाली दडून बसतात, त्या दिवशी कितीही फिरलात तरी दिसणार नाहीत.

पोचायचं कसं

डिस्कव्हरी सेंटर, म्हणजे प्रिझर्व्हचं माहिती केंद्र, त्याचा पत्ता १९५ न्यू कार्नर रोड, अल्बानी. हाच रूट १५५. थ्रूवेवरून येताना एक्झिट २४ ला उतरून वॉशिंग्टन अव्हेन्यू एक्स्टेन्शनने आलात की न्यू कार्नर रोडला लागता. एडिसन, नेवार्क बाजूने साधारण तीन तास धरा, ट्रॅफिक वेगळं. गाडी नसेल तर न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून ॲमट्रॅकने अल्बानी-रेन्सलियर स्टेशनला या, अडीच तासांच्या आसपास लागतात, स्टेशन हडसनच्या पलीकडच्या तीरावर आहे, तिथून उबर किंवा लिफ्ट करा. पार्किंग आणि प्रवेश फुकट. ट्रेल सूर्योदय ते सूर्यास्त उघडे असतात पण सेंटरच्या वेळा वेगळ्या असतात आणि सीझनप्रमाणे बदलतात, म्हणून त्या आदल्या दिवशी बघा, कारण टॉयलेट सेंटरमध्येच आहे आणि बाकीच्या ट्रेलहेडवर ती सोय गृहीत धरू नका. पाणीसुद्धा इथूनच भरून घ्या. आत खाण्याचं काही मिळत नाही, डबा घरून आणा, वेस्टर्न अव्हेन्यूवर आणि मॉलकडे हवी ती हॉटेलं आहेत ती नंतर.

काय घालायचं, काय घ्यायचं

इथे वाळूत पाय रुततो, त्यामुळे दोन मैल चालणं घट्ट मातीवरच्या तीन मैलांएवढं दमवतं. सँडल आणि क्रॉक्स नकोत, वाळू आत जाते आणि घोटा उघडा राहतो. साधे बंद स्पोर्ट्स शूज पुरतात, भारी हायकिंग बूट लागत नाहीत कारण चढ असे फार नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, उतारावर वाळू घसरते तेव्हा आधार होतो, आणि बसायला बाक सगळीकडे नाहीत हे आई-बाबांना आधीच सांगा. बाळाची स्ट्रोलर वाळूत ढकलणं हाल असतात, पाठीवरचा कॅरिअर बरा. टोपी, सनस्क्रीन, माणशी निदान एक लिटर पाणी, उन्हाळ्यात दीड. दुर्बीण असेल तर आणा, जवळ फोकस होणारी असेल तर फारच उत्तम.

शरद ऋतूत जाणार असाल तर भडक केशरी जाकीट किंवा टोपी घाला. प्रिझर्व्हच्या काही भागांत सीझनमध्ये कायदेशीर शिकारीला परवानगी असते, लोक आणि शिकारी एकाच जागी असतात, म्हणून दिसणं महत्त्वाचं.

आता गोचिडांचं. हा विषय थोडक्यात उरकायचा नाहीये कारण आपल्याकडून आलेल्या पाहुण्यांना याची काहीच कल्पना नसते. या भागात हरणांवरची काळ्या पायांची गोचीड आहे, तिच्यातून लाइम डिसीज होतो. मे ते जुलैमध्ये तिची पिल्लं फिरत असतात आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चावलेलं कळतही नाही. ती झाडावरून उडी मारत नाही, गवताच्या टोकाला बसून राहते आणि तुम्ही घासून गेलात की चिकटते. म्हणून पहिलं, ट्रेलच्या मधोमध चाला. दुसरं, फिक्या रंगाची फुल पँट, मोजे पँटच्या वर ओढलेले, दिसायला कसंही दिसो. तिसरं, उघड्या त्वचेवर डीट असलेला स्प्रे, आणि कपड्यांवर व बुटांवर आदल्या दिवशी पर्मेथ्रिन मारून वाळवून ठेवा, पर्मेथ्रिन अंगाला लावायचं नाही, फक्त कपड्याला. साडी किंवा सलवार घालून आईला चालायचं असेल तर घोटे झाकणारे मोजे आणि लेगिंग तरी घालायला लावा.

पॉयझन आयव्ही, म्हणजे अंगाला लागली की खाज सुटते ती वेल, तीपण कडेला असते. एका देठावर तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब. हात लागलाच तर लवकरात लवकर साबणाने धुवा. आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओकच्या झुडपांवर काळ्या, काटेरी, झुंडीने बसलेल्या अळ्या दिसल्या तर मुलांना हात लावू देऊ नका, त्या बक मॉथच्या अळ्या, काटे लागले की चांगलीच आग होते.

सुरुवात डिस्कव्हरी सेंटरपासूनच करा

सरळ ट्रेलवर जायचा मोह होतो पण अर्धा तास आधी सेंटरमध्ये घालवा. वाळू, आग, फुलपाखरू याची मांडणी मुलांनाही हात लावून बघता येईल अशी केलेली आहे, आणि ज्याला आपण नंतर बाहेर शोधणार त्याचं चित्र डोळ्यांत बसतं. काउंटरवरच्या माणसाला दोनच प्रश्न विचारा: आज ल्यूपिन किंवा फुलपाखरं कुठे दिसतायत, आणि आज कुठला ट्रेल बंद आहे का. इथले कर्मचारी मनापासून सांगतात. छापील नकाशा घ्या आणि बाहेरच्या फलकावरच्या नकाशाचा फोटोही काढून ठेवा.

नकाशा लागतोच. सगळीकडे मिळून साधारण वीस मैलांचे ट्रेल आहेत, प्रत्येकाला रंग दिलेला आहे आणि झाडांवर, खांबांवर त्या रंगाच्या खुणा असतात. पण त्यांना आडवे जाणारे जुने रस्ते, विजेच्या तारांखालचे पट्टे आणि आग अडवायला मुद्दाम मोकळे केलेले पट्टेही आहेत, आणि ते ट्रेलपेक्षा रुंद आणि सोपे दिसतात, माणूस आपोआप तिकडे वळतो. नियम सोपा ठेवा, पाच मिनिटं रंगाची खूण दिसली नाही तर मागे फिरा. हरवून अडकाल अशी ही जागा नाही, फोनला रेंज असते, गाड्यांचा आवाज कायम कानावर असतो, पण मार्ग सोडून चालणं म्हणजे नेमकं ज्याच्यासाठी ही जागा राखलीये त्याच्यावर पाय देणं. फुलपाखराची अंडी आणि अळ्या जमिनीलगतच असतात.

पहिल्यांदा गेलात तर सेंटरच्या आसपासचा, कार्नर बॅरन्स ईस्ट नावाचा भाग पुरे. छोटा लूप तासाभरात होतो, थोडा मोठा घेतलात आणि थांबत थांबत गेलात तर अडीच तास. मी म्हणेन लांबीच्या मागे लागू नका. या जागेत किती मैल झाले याला काही अर्थ नाही, पन्नास पावलं टाकून पाच मिनिटं खाली वाकून बघणाऱ्याला जास्त मिळतं.

चालताना काय बघायचं

आधी पाइनच्या सुया मोजा. एका झुबक्यात तीन असतील तर पिच पाइन, पाच असतील तर व्हाइट पाइन. इथली मालकीण पिच पाइन. तिच्या खोडाकडे बघा, जाड, खवल्याखवल्यांची साल, बऱ्याचदा खाली काळी पडलेली, आणि कधीकधी थेट खोडातूनच हिरव्या सुयांचे झुबके बाहेर आलेले दिसतात. ते झाड जळून पुन्हा फुटल्याची खूण. सालीखाली झोपलेले कोंब असतात, आगीने वरच्या फांद्या गेल्या की ते जागे होतात. पाइनच्या जातींत हे फार कमी जणांना जमतं.

तिच्या खाली डोक्याएवढ्या उंचीचं जे घनदाट झुडूप आहे तो स्क्रब ओक, पान उलटून बघा, खालची बाजू पांढुरकी असते. ओक म्हटल्यावर आपल्याला भलामोठा वृक्ष आठवतो पण हा आयुष्यभर झुडूपच राहतो, जळला की मुळापासून पुन्हा फुटतो. कडेला स्वीटफर्न असेल, नेच्यासारखी दिसणारी पानं, एखादं पान न तोडता बोटांत चोळून वास घ्या, उन्हात तापलेल्या वाळूचा, पाइनच्या राळेचा आणि या पानाचा मिळून जो वास होतो तो दुसरीकडे कुठे मिळत नाही. पायाशी ब्लूबेरी असते, जुलैत बारीक निळी फळं येतात, पण इथलं काही तोडायचं नाही, ती पक्ष्यांची आणि प्राण्यांची.

ल्यूपिनचं पान फूल नसतानाही ओळखता येतं, एका देठावर सात ते अकरा पातळ पाती चक्रासारखी गोल पसरलेली, आणि पहाटे किंवा पावसानंतर मध्यभागी पाण्याचा एक थेंब थांबलेला. हे शेंगवर्गातलं झाड आहे, जूनच्या अखेरीला केसाळ शेंगा येतात, आणि जुलैच्या उन्हात त्या पीळ बसून फट्कन फुटतात, बिया लांब उडतात. शांत उभं राहिलात तर तो आवाज ऐकू येतो. बागेत लावतात किंवा मेन राज्यात रस्त्याकडेला दिसतात ते ल्यूपिन वेगळ्या जातीचे, फार उंच आणि भरगच्च. इथलं बेताचं, गुडघ्याएवढं. दिसायला ते जास्त भारी असले तरी कार्नर ब्लूच्या अळीला हेच लागतं.

कान उघडे ठेवा. ईस्टर्न टोही हा काळा-तांबूस-पांढरा पक्षी झुडपात पाला उडवत असतो आणि त्याची शीळ शेवटी लांब थरथरते. प्रेअरी वॉर्बलरची शीळ पायरीपायरीने वर चढत जाते. ब्राउन थ्रॅशर प्रत्येक ओळ दोनदा म्हणतो. हे तिघेही झुडपी, मोकळ्या जागेचे पक्षी, उंच दाट जंगलात ते राहत नाहीत, म्हणून आसपासच्या पूर्ण वाढलेल्या जंगलात तुम्हाला हे एकत्र क्वचितच ऐकू येतील.

वाळूत राहणारेही आहेत. ईस्टर्न स्पेडफूट नावाचा बेडूक जवळजवळ सगळं आयुष्य वाळूत पुरून घेतो आणि जोराचा पाऊस झाला की रात्री वर येतो. ईस्टर्न हॉगनोज साप भेटला तर घाबरू नका, तो आधी मान फुगवून नागासारखा आव आणतो, ते चाललं नाही की पाठीवर पडून मेल्याचं सोंग घेतो. बाजूने निघून जा, हात लावू नका.

निळं फुलपाखरू

बरेच जण याच्यासाठीच येतात म्हणून याला वेगळी जागा. कार्नर ब्लू पंख पसरून जेमतेम एक इंच. कार्नर ही इथली छोटी वस्ती, रेल्वेचा थांबा, तिच्यावरून नाव पडलं. कादंबरीकार म्हणून जगाला माहीत असलेले व्लादिमिर नाबोकोव्ह फुलपाखरांचे गंभीर अभ्यासक होते, हार्वर्डच्या संग्रहालयात काम करायचे, आणि १९४४ मध्ये त्यांनीच याचं शास्त्रीय वर्णन करून याला नाव दिलं. पुढे जागा कमी होत गेली तसं फुलपाखरू कमी होत गेलं, न्यूयॉर्क राज्याने १९७७ मध्ये आणि केंद्र सरकारने १९९२ मध्ये याला संकटग्रस्त जाहीर केलं. पाइन बुशमध्ये तर शेवटी काहीशेच उरली होती. मग ल्यूपिनचं बी गोळा करून पेरणं, घुसखोर झाडं काढणं, आग लावणं आणि पैदास करून वाढवलेली फुलपाखरं सोडणं असं वर्षानुवर्षं चाललं, आणि आज इथे ती हजारोंच्या संख्येत आहेत. आपल्याला ट्रेलवर उभं राहून ती दिसतात ती यामुळे.

ओळखायचं कसं? नराचे पंख वरून चकचकीत निळे, कडेला बारीक काळी रेघ. मादी वरून करडी-तपकिरी, मध्ये निळसर, कडेला केशरी चंद्रकोरी. पण खरी ओळख पंख मिटल्यावर पटते, खालची बाजू फिकट राखाडी, काळे ठिपके आणि पुढच्या-मागच्या दोन्ही पंखांच्या कडेने केशरी ठिपक्यांची ओळ. इथे अजून दोन-तीन छोटी निळी फुलपाखरं आहेत, अझ्यूरला केशरी अजिबात नसतं आणि टेल्ड-ब्लूला मागच्या पंखाला बारीक शेपटी असते आणि केशरी फक्त तिथेच. मेमध्ये ल्यूपिनवर छोटं तपकिरी फुलपाखरू दिसलं तर ते बहुधा फ्रॉस्टेड एल्फिन, तेही दुर्मिळ, त्यालाही बघून घ्या.

मोठं फुलपाखरू काही दिवसच जगतं पण फुलांवर बसतं, उन्हात पंख पसरतं, नर ओल्या वाळूवर क्षार चोखायला उतरतात, तेव्हा पावसानंतरच्या उन्हात ओल्या जागा बघा. अळी मात्र ल्यूपिनच्या पानाशिवाय दुसरं काहीच खात नाही, ती पानाचा एकच थर खाते, दुसरा पारदर्शक पडदा ठेवून देते, म्हणून पानावर काचेच्या खिडकीसारखे डाग दिसले तर समजा इथे अळी होती किंवा आहे. आणि तिच्या आसपास मुंग्या असतील. अळी गोड थेंब सोडते, मुंग्या ते पितात आणि बदल्यात तिला भक्षक कीटकांपासून राखतात.

फोटो काढा, पण ट्रेलवरूनच, झूम करून. जाळी, डबी, बोटावर घ्यायचा प्रयत्न, काहीच नको, केंद्राच्या कायद्याने संरक्षित जीव आहे. मागे धावलात तर ते ओकमध्ये जाऊन बसेल, एका फुलाजवळ गप्प थांबलात तर तेच येईल. कुत्रा आणलात तर पट्टा हातात, सोडायचा नाही.

जळालेला भाग आणि आगीचा दिवस

कधीकधी ट्रेलच्या दोन्ही बाजूंना सगळं काळं दिसेल. तिथे मुद्दाम थांबा. काही आठवड्यांपूर्वीचं असेल तर काळ्यातून ओकचे लालसर कोंब, ब्लूबेरीची पानं वर येताना दिसतील, आणि शेजारी न जाळलेला तुकडा असेल तर दोन्हींत फरक बघा. एका वेळी सगळं जाळत नाहीत, छोटे तुकडे करून आलटून पालटून जाळतात, कारण आगीत अंडी-अळ्याही जातात आणि शेजारच्या तुकड्यातून फुलपाखरं परत यायला हवीत. जवळ थ्रूवे, घरं, मॉल, म्हणून धूर कुठे जाईल याचा हिशेब आधी करावा लागतो. त्या दिवशी ट्रेल बंद असेल तर वाद घालू नका, दुसऱ्या ट्रेलहेडला जा. लांबून धूर दिसला तर आधी कमिशनच्या फलकांवर आणि वेबसाइटवर बघा, पण कुठे काही सूचना नसेल तर ९११ ला कळवा.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. हे बघून आपल्या सह्याद्रीतल्या वणव्यांनाही हेच लागू आहे असं कोणी समजू नये. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाने लावलेले, गवत चांगलं येतं या समजुतीने किंवा निष्काळजीपणाने, दरवर्षी त्याच डोंगरावर, आणि त्यात रोपं, जमिनीवरची घरटी, सरपटणारे प्राणी जातात. इथली झाडं हजारो वर्षं आगीसोबत वाढलीत आणि आग प्रशिक्षित माणसं लावतात. दोन्हींची गल्लत केली तर दोन्हीकडचं नुकसान.

अजून वेळ असेल तर

ग्रेट ड्यूनचा भाग घ्या, नावाप्रमाणे मोठ्या वाळूच्या टेकडीवरून आणि तिच्या बाजूने वाट जाते, चढउतार जरा जास्त आणि लोक कमी. रेन्सलियर लेक फुलर रोडजवळ आहे, एकेकाळी अल्बानीच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला तलाव, वाळूत थकलेल्यांना आणि छोट्या मुलांना तो बरा. वाटेत रॅप रोडवर थोडं थांबा. मिसिसिपीतल्या शुबुटा या गावाहून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इथे आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी या वाळूच्या जमिनीवर स्वतः घरं बांधून वस्ती केली आणि आज तो ऐतिहासिक जिल्हा म्हणून नोंदलेला आहे. तिथे लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघा आणि अंगणात शिरू नका. त्याच रस्त्याला शहराच्या कचरा डेपोचा डोंगर आहे, आणि त्याच्या आसपास पाइन बुशची झाडी पुन्हा उभी करायचं काम झालंय, ते माझ्या मते या सगळ्या परिसरातलं सगळ्यात कौतुकाचं काम.

परत आल्यावर

गाडीत बसायच्या आधी एकमेकांचे कपडे बघून झटका. घरी गेल्यावर कपडे सरळ ड्रायरमध्ये, फुल हीटवर दहा मिनिटं, धुवायचे नंतर, कारण गोचीड पाण्यात टिकते पण कोरड्या उष्णतेत मरते. लगेच आंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत, बेंबीत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट तपासा, मुलांचं आणि वयस्कर माणसांचं दुसऱ्याने तपासा, त्यांना स्वतःला दिसत नाही. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा, तेल, तूप, काडी लावणं असले उपाय करू नका. लाइमचे जंतू शरीरात जायला साधारण २४ तासांहून जास्त काळ ती चिकटलेली असावी लागते, म्हणून त्याच रात्रीची तपासणी इतकी महत्त्वाची. तारीख लिहून ठेवा. ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा, ताप, अंगदुखी किंवा सांधे दुखणं सुरू झालं तर डॉक्टरकडे जा आणि अल्बानीला पाइन बुशमध्ये गेलो होतो हे सांगा. आई-बाबा तोवर पुण्याला किंवा कोल्हापूरला परत गेले असतील तर त्यांना हे आधीच कागदावर लिहून द्या, तिथल्या डॉक्टरांना लाइम सहसा बघायला मिळत नाही, त्यामुळे पेशंटने स्वतःहून सांगितलं तरच ते त्या दिशेने विचार करतील.